सहावी

पीटर्सबर्गच्या धक्क्यावर, मासळीच्या कारखान्यात
हाल्वरने अडतीस हंगाम डब्यांना झाकणं बसवली.
डबा गरकन फिरायचा, कड वळायची,
कडेत कड दुमडायची,
आणि अलास्काचा उन्हाळा आत बंद व्हायचा, गुलाबी, खारट.
मुरड म्हणजे काय ते त्याला विचारा.
तो सांगणार नाही.
अंगठ्याचं नख फिरवेल कडेवरून, एवढंच.

आता गॅरेजमध्ये तेच काम, लहान तोंडाचं.
चव्वेचाळीसच्या पुंगळ्या, धुतलेल्या, ओळीने उभ्या.
बुडाला टोपी, पोटात तोललेली दारू,
वर जड शिशाची गोळी, कमरेला खाच.
तरफ खाली येते.
पितळेचा ओठ खाचेत वळतो
आणि मिटतो.
केसाच्या जाडीचा खेळ.

त्याची रागना ओढ्यात मासे मोजते,
जुलै ते सप्टेंबर, मांडीपर्यंत पाण्यात,
मुठीतलं यंत्र टकटक करत.
अस्वलंही तेच मासे मोजायला येतात.
तिच्या छातीवर पट्ट्यात रिव्हॉल्वर, बापाचं.
काडतुसं बापाच्या हातची.

मागच्या मे महिन्यात, खडीच्या खाणीत,
फळीवर कागदी ताटली ठोकून तिने नेम धरला.
चार बार झाले.
पाचव्याला चक्र फिरेना.
सहावी गोळी पुंगळीतून मान काढून
चौकटीला अडून बसली होती.

असं होतं.
बार उडाला की बंदूक मागे झेपावते,
पुंगळीही तिच्याबरोबर;
जड गोळी मात्र जागची हलू पाहत नाही,
आणि प्रत्येक दणक्यासरशी जराशी सुटत जाते.
शेवटचीला सगळ्यांचे दणके.
स्वतः न वाजता.

पेन्सिलीने ती आत ढकलावी लागली.
घरी येताना ट्रकमध्ये हाल्वर एकदाच बोलला:
"भरती किती वाजता आहे?"

मग सगळा हिवाळा.
पुंगळ्यांची उंची सारखी नव्हती, हे त्याला डिसेंबरात सापडलं.
लांब होती तिला मुरड जास्त, आखूड होती तिला नावापुरती.
त्याने प्रत्येकीचं तोंड घासून एका मापात आणलं.
पहिल्या बारा जास्तच आवळल्या;
पितळ ओठाखाली फुगलं, चक्रात शिरेना.
त्या त्याने फोडल्या, दारू वाफ्यात टाकली,
पुन्हा बसला.
"मुरड शेवटची असते," तो तरफेला म्हणाला,
"आधी पुंगळीनेच धरलेलं हवं.
सैल धरलंय, तिथे कड आवळून काय उपयोग?"
तरफेला म्हणाला. रागना शेजारच्या खोलीत होती.

जूनमध्ये ती निघाली.
यंदा जाऊ नकोस, असं काहीतरी
त्याच्या जबड्याखाली येऊन थांबलं.
टपालखात्यात जागा निघाली होती, हेही.
मनाला मुरड घातलेली सहसा दिसत नाही;
त्याची दिसली.
"पाच झाडल्या की सहावी मोजत जा," तो म्हणाला,
आणि खोका तिच्या सॅकमध्ये स्वतः ठेवला,
मोज्यांच्या मध्ये.

सप्टेंबरच्या शेवटी ती आली.
मासे एकतीस हजार चारशे नऊ.
अस्वलं?
"होती," ती म्हणाली, आणि कॉफी ओतून घेतली.
टेबलावर सहा काडतुसं ठेवली,
एकही न वाजलेलं,
पितळ पाण्याच्या हवेने तपकिरी.
चक्रातून एकदम ओतलेली,
त्यामुळे सहावी कुठली, हे दोघांनाही सांगता येईना.

म्हणून त्याने सगळीच मोजायला घेतली.
मोजपट्टीचे जबडे थरथरत होते,
आकडा एका जागी ठरेना.
तिने त्याचं मनगट धरलं.
घट्ट नाही.
आकडा वाचता येईल इतकंच.